चार बोटं वर

सरावाच्या जेटमध्ये हजार तास उडून झाले की माणूस जमिनीपासून एक बोट वर राहतो. ओहळवाडीच्या हवाई तळावर सगळ्यांत जास्त तास निगुडकर मास्तरांचे, म्हणून ते चार बोटं वर राहत. पाच हजार भरले, की मात्र माणूस खाली येतच नाही. मास्तरांची वीस मिनिटं उरली होती.

त्यांच्या बायकोनं, विमलबाईंनी, जेट सोडून कचेरीत बसायचा अर्ज त्यांच्याकडून लिहूनही घेतला होता. तेवढ्यात त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या रेवा तांडेलची शेवटची परीक्षा आली. पोरगी आभाळात घारीसारखी फिरे, पण विमान टेकवताना दर वेळी आदळे. आज टेकवलं नाही तर घरी जायचं होतं. परीक्षा चाळीस मिनिटांची.

"दुसरं कोणी बसेल की मागं," विमलबाई म्हणाल्या.

"बसतील. पण ते स्टिक धरतात. मग टेकवलं कुणी, ते पोरीला कळत नाही."

मास्तरांची रीतच तशी. मागच्या खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि अवाक्षर बोलायचं नाही.

"आणि मी?"

मास्तरांनी अर्जाची घडी घालून तो फडताळात ठेवला. विमलबाईंनी मग डब्यात दोन दशम्या जास्त घातल्या.

तळावर पाध्ये कारकुनानं कागद पुढं केला. "सर, बूट जमा करून जा. सरकारी आहेत, आणि तुम्हाला आता लागायचे नाहीत."

"मेल्या, मोजे तरी राहू देशील का?" विमलबाई कडाडल्या.

पाध्येनं नियम चाळले. "मोजे चालतील, वहिनी."

विमान वर गेलं. विमलबाई धावपट्टीच्या कडेला, गवतात बसून राहिल्या. ऊन कोवळं होतं. आवाज लांब जाई, परत येई, जसं कुणी पाळणा हलवतंय. त्यांना जरा डुलकीही लागली.

मग विमान उतरलं. चाकं जमिनीला लागली ते कळलंसुद्धा नाही, पीस पडावं तसं.

रेवा काच उघडून मागं वळली. "सर, बरोबर होतं ना?"

मागचा पट्टा बांधलेला होता. खुर्ची रिकामी. विमलबाई विमानापाशी धावत आल्या.

"काकू, मला वाटलं, नेहमीसारखे गप्प बसलेत," ती रडत म्हणाली. "मी अर्ध्या वाटेपासून एकटीच होते."

"मग एकटीनं टेकवलंस. रडतेस काय!" विमलबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि वर पाहिलं. मास्तर फार उंच नव्हते. दुमजली घराच्या गच्चीहून थोडे वर, मोज्यांवर उभे होते.

मास्तर त्यांच्यामागून तरंगत घरी आले. दुसऱ्या दिवशी विमलबाईंनी शेगडी गच्चीवर नेली. तुळस नेली, पाट नेले. सकाळी कपबशी घेऊन त्या चवड्यांवर उभ्या राहिल्या. हात वीतभर कमी पडत होता.

"जरा वाका की," त्या म्हणाल्या. "निवतोय चहा."

मास्तर वाकले.