पेनिंग्टन घराण्याच्या वंशशिळेची हकीकत

श्री. वाग्देवीस दंडवत, थोरांच्या पूर्वजांस नमन, आणि जुन्या दफ्तरांतील वाळवीस विनंती की अजून चार पाने राखावी. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन मासी, अमेरिका खंडी एके राज्यी, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, ऐसे वर्तमान जाहले. तेथे पेनिंग्टन म्हणून थोर घराणे. मूळपुरुष अंब्रोज, तीनशे वर्षांमागे आंग्ल राजाचे अमलात एक कुऱ्हाड आणि एक गाय घेऊन गलबतातून उतरले, आणि अरण्य तोडिले, आणि नदीकाठची बारा कोस जमीन मेळविली. तेथील मूळ रहिवाशांस पुसिले किंवा न पुसिले, हे वंशावळीत लिहिले नाही. आम्ही शोधिले, सापडले नाही. परंतु पुरुष मोठा कष्टाळू, लांडगे दाराशी आले तरी पेरणीचे बी खाल्ले नाही. त्यांची स्त्री टॅबिथा.

सांप्रत या कुळात डॉर्कसबाई, वय ऐंशी, पन्नास वर्षे वंशावळ जुळवीत होत्या. थडग्यांवरील शेवाळ आपल्या हाते घासून नावे वाचिली, आणि लोक आपापले जुने कागद घेऊन बाईंकडेच येत, आणि बाई त्यांतील सालांचा घोळ चुटकीसरशी सोडवीत. ऐसी चिकाटी आम्ही दुसरी पाहिली नाही. मग घराण्याचे वडील सिलासराव यांनी ठरविले की नदीकाठी शिळा उभारावी, औरस वंशाचीच नावे कोरावी, आणि मूळ कागद सर्वांसमक्ष मांडावे. हे ऐकून बाईंस मोठी धास्ती पडली. कारण चर्चच्या वहीचे एक पान त्यांनी तरुणपणी पाहून पेटीत कुलूपबंद केले होते आणि भीतीने पुन्हा उघडिले नव्हते. त्यावर अंब्रोज व टॅबिथा यांचा विवाह सन सतराशे बारा, मे. ज्येष्ठ पुत्राचा जन्म सन सतराशे बारा, फेब्रुवारी. म्हणजे पुत्र आधी, लग्न मागाहून. बाई त्याच पुत्राच्या शाखेच्या. शाखा जाईल ते जाईल, टॅबिथेची अब्रू जाईल, हे दुःख मोठे.

मग बाईंनी ते पान सुनेस दाखविले. सून वृंदा, वाईकडील. तिने दोनदा वाचिले आणि म्हणाली, "आई, त्या काळी तुमच्याकडे वर्ष कधी पालटायचं? आमच्याकडे चैत्रात पालटतं. वैशाखात लग्न झालं, तर माघ त्याच वर्षात येतो, नऊ महिन्यांनी."

"मार्चअखेरीस पालटायचं," बाई म्हणाल्या, आणि पान आपल्या हाती घेऊन पुन्हा वाचिले. हाच घोळ त्यांनी परक्यांच्या कागदांत शंभरदा सोडविला होता.

मग शिळा उभी राहिली आणि ज्येष्ठ शाखा प्रथम कोरिली आणि सिलासरावांनी टोपी काढून बाईंस पुढे नेले. बाईंनी टॅबिथेच्या नावावर हात ठेविला आणि सर्वांदेखत बोलल्या, "तुझी अब्रू मी पन्नास वर्षं झाकत बसले. तुझ्यावर संशय घेणारी एकटी मीच होते गं."

ऐसे कुळ आणि ऐसी बाई. चुकली खरी, परंतु चूक आपल्या तोंडे चारचौघांत सांगितली; इतके धारिष्ट मूळपुरुषाचे कागदांत कोठे आढळत नाही. इति.