साडूची बुलेट आणि नीलेशची झडप

वर्ध्यात मोटारपंप आणि पाइपांचं दुकान चालवणाऱ्या नीलेशने मुंबईच्या एका माणसाकडून जुनी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा त्याला वाटलं होतं की आता साडूचा विषय कायमचा संपला. गाडी लालभडक होती, दोनच दारांची, दोनच माणसांची, आणि इतकी ठेंगणी की आत शिरलं की पाटावर बसल्यासारखं वाटे. दुकानासमोर उभी केली की गिऱ्हाइकं पंप बघायचं सोडून तिलाच बघत. पण साडूचा विषय संपला नाही. उलट वाढला.

साडू म्हणजे योगेंद्र. तो नालवाडीत राहायचा, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून होता आणि त्याच्याकडे वडिलांच्या वेळची बुलेट होती. दोघांचीही सासुरवाडी आर्वी तालुक्यातल्या रोहण्याची. बुलेट गावाबाहेरच्या नाल्याच्या वळणावर आली की तिची धडधड घरापर्यंत पोचे आणि सासूबाई, आनंदाबाई, लगेच म्हणत, "योगेंद्रराव आले वं, कढई ठेव." बुलेट अंगणात उभी राहीपर्यंत तेल तापलेलं असे. योगेंद्र हातपाय धुऊन बसला की त्याच्या ताटात टम्म फुगलेली पुरी पडे.

नीलेशची गाडी मात्र कधी आली ते कोणाला कळतच नसे. तिच्या पहिल्या मालकाने सायलेन्सर असा भारी बसवला होता की इंजिन नुसतं कुजबुजे. एकदा नीलेश अंगणात उतरला, बाजेवर बसला, तिथे पडलेलं वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट वाचून मोकळा झाला, तेव्हा कुठे आनंदाबाई कोंबड्या हुसकायला बाहेर आल्या. "अव्वा, तुम्ही कवा आले?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी त्याला सकाळच्या पोळ्या मिळाल्या. आत योगेंद्र पुरीने वाटी पुसत होता.

ही पुरी नीलेशच्या घशात अडकून बसली. न खाताच. दुकानात बसला तरी त्याला ती फुगलेली दिसे. बायकोला, मोहिनीला, त्याने आडून आडून विचारलं की तुझ्या आईला आवाजाची एवढी काय आवड. मोहिनी म्हणाली की आवड वगैरे काही नाही, आवाज आला की माणूस येतोय हे कळतं, एवढंच. नीलेशला नेमकं तेच लागलं. लाखोंची गाडी घेऊनही तो येतोय हे कळत नव्हतं.

शेवटी नागपूरला गाड्यांच्या सजावटीचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने त्याला उपाय सांगितला. सायलेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीला फाटा काढायचा आणि त्यात विजेवर उघडणारी झडप बसवायची. तिला कटआउट म्हणतात. स्टेअरिंगजवळचं बटण दाबलं की झडप उघडते, धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडतो आणि गाडी वाघासारखी गुरगुरते. पुन्हा दाबलं की झडप बंद, गाडी पुन्हा गाय. नीलेशने दोन्ही नळ्यांना दोन झडपा बसवून घेतल्या. नागपूरच्या गल्लीत बटण दाबून पाहिलं तेव्हा समोरच्या घराच्या गच्चीवरून एक बाई वाळवण टाकून आत पळाली. नीलेशचे डोळे भरून आले.

दसऱ्यानंतर सोनं द्यायला दोन्ही जावई रोहण्याला जायचे. ठरलेल्या दिवशी योगेंद्र आणि त्याची बायको ज्योत्स्ना सकाळीच बुलेटवर पुढे गेले होते. नीलेश मुद्दाम उशिरा निघाला. वर्ध्यातून त्याने गाडी सोवळ्यात असल्यासारखी चालवली, कारण पोलिसांना काही दाखवायचं नव्हतं. जे दाखवायचं होतं ते सासूबाईंना.

नाल्याच्या वळणावर त्याने मोहिनीकडे पाहिलं. "आता आयक," तो म्हणाला आणि बटण दाबलं.

बाभळीवरचे बगळे एकदमच उठले. मोहिनीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ती काहीतरी बोलली, ते नीलेशला ऐकू आलं नाही. गाव जवळ आलं तसा त्याने आणखी रेस दिली. आणि खरोखरच सासरचं दार उघडलं. आनंदाबाई पदर खोचून धावत बाहेर आल्या. त्यांच्यामागे ज्योत्स्ना, तिच्यामागे कामाच्या बाया आणि सगळ्यांत शेवटी रिकामी पोती खांद्यावर घेतलेले सासरे, अण्णाजी. असं स्वागत त्या गावात कोणत्याच जावयाचं झालं नव्हतं. नीलेशने काच खाली करून नमस्काराला हात जोडले.

सगळे त्याच्या गाडीशेजारून धावत पुढे गेले.

अण्णाजी तेवढे एक क्षण थांबले. "नीलेशराव, गाडी बाजूले घ्या," ते ओरडून म्हणाले, "थ्रेशर येऊन राह्यला."

झालं होतं असं की अण्णाजींचं सोयाबीन सोंगून खळ्यावर गंजी लावून पडलं होतं. आभाळ रोज दुपारी भरून येत होतं. गावात मळणीचं यंत्र एकट्या तानबाकडे होतं आणि तो रोज उद्याचा वायदा करून वासुदेवरावांच्या शेतावरच मुक्काम ठोकून होता. गंजी एकदा भिजली असती तर दाण्यांना कोंब फुटले असते आणि वर्षाची मेहनत जनावरांपुढे टाकायची वेळ आली असती. अशा काळजीत असलेल्या घराला नीलेशच्या गाडीचा आवाज हुबेहूब थ्रेशरचा वाटला.

नीलेशने घाईने बटण दाबलं. गाडी वाघच राहिली. त्याने पुन्हा दाबलं, दोनतीनदा दाबलं. रस्त्यावरची माती झडपांमध्ये जाऊन बसली होती आणि त्या आता मिटायला तयार नव्हत्या. शेवटी त्याने इंजिनच बंद केलं. त्या शांततेत खळ्यावर गेलेली माणसं एकेक करून परत आली. आनंदाबाईंच्या खोचलेल्या पदराकडे बघून नीलेशला जमिनीत जावंसं वाटलं.

योगेंद्र ओट्यावर पानाला चुना लावत बसला होता. "काऊन जी नीलेशभाऊ," त्याने विचारलं, "सायलेन्सर रस्त्यात गयून पडला काय?"

नीलेशने गाडी ढकलत गोठ्यामागे नेली, जॅकवर उचलली, सदरा काढला, गोणपाट अंथरलं आणि तो गाडीखाली शिरला. झडपा काडीने टोकरल्या, पान्याने ठोकल्या, मग हलतात का ते बघायला इंजिन सुरू केलं. पुन्हा तोच गडगडाट गावभर गेला. हे तीनचार वेळा झालं. घरात योगेंद्रसाठी पुऱ्या तळल्याचा वास येत होता, आणि नीलेशला वाटलं की योगेंद्रची बुलेट कोणीतरी एकदा गोठ्यामागच्या शेणाच्या खड्ड्यात ढकलायला हवी.

तेवढ्यात सायकल दामटत तानबा स्वतःच आला. नशिबाने गाडी गोठ्यामागे होती आणि समोरून दिसत नव्हती. तानबाने सायकल ओट्याला टेकवलीही नाही.

"अण्णाजी, कोनाचा थ्रेशर बलावला?" त्याने विचारलं. "वासुदेवरावच्या वावरापर्यंत आवाज येऊन राह्यला."

अण्णाजी खोटं बोलणारे नव्हते, पण आभाळ काळं झालं होतं. त्यांनी एकदा गोठ्याकडे पाहिलं. "पुलगावकडचा हाय," ते म्हणाले. "नवा हाय म्हनते. तुमच्यापेक्षा जोरात चालते."

तानबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझ्या गावात पुलगावचा थ्रेशर, आणि तोही माझ्यापेक्षा जोरात, हे त्याला सोसेना. सध्या तो फक्त इंजिन तपासतोय, गंजीला अजून हात लावलेला नाही, असं अण्णाजींनी सांगताच तो सायकलवर बसला. "त्याले थांब म्हना," तो म्हणाला. "मी आत्ता येतो. गंजीले हात लावू देऊ नका."

तो वळणाआड गेला तसे अण्णाजी गोठ्यामागे धावत आले. धोतराला शेण लागल्याचंही त्यांना भान नव्हतं. "जवाईबापू, बंद नका करू," ते म्हणाले. "तो इथं येईपर्यंत चालू ठेवा. गोठ्यात घ्या गाडी, म्हंजे दिसनार नाई."

बैल बाहेर काढून गाडी गोठ्यात घातली. वर टिनाचे पत्रे, तिन्ही बाजूंना भिंती, मधे नीलेश. तो रेस देत राहिला. आवाज पत्र्यावर आपटून त्याच्याच डोक्यावर पडत होता. दातही हलताहेत असं त्याला वाटलं, पण सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं होतं. तानबाचा ट्रॅक्टर थ्रेशर ओढत खळ्यावर लागला तेव्हा मोहिनीने येऊन हाताच्या खुणेने त्याला थांबवलं. पुलगाववाला कुठे गेला, असं तानबाने विचारलं. तुमचं नाव ऐकलं आणि निघून गेला, असं अण्णाजींनी सांगितलं. मग तानबाने असं काही काम काढलं की गंजीवरून पेंढ्या ओढून देता देता बायांची पुरेवाट झाली.

योगेंद्रलाही सुटका नव्हती. आधी त्याला बुलेटवरून तानबासाठी डिझेल आणायला पिटाळलं, मग यंत्रापाशी उभं केलं. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, केसांत, मिशीत कुटाराचा भुसा बसला. संध्याकाळी शेवटचं पोतं घरात आलं आणि पत्र्यांवर टपोरे थेंब वाजायला लागले. आनंदाबाईंनी कढई पुन्हा चुलीवर ठेवली. या वेळी पहिली पुरी नीलेशच्या ताटात पडली. दुसरीही.

योगेंद्र शेजारी बसून ते बघत होता.

अण्णाजी समोर मांडी घालून बसले. त्यांचा आवाज जड झाला होता. "नीलेशराव, तुम्ही नसते त आज माही गंजी सडली असती," ते म्हणाले. "मांगा, दिवाळीले काय पाह्यजे. आज मी नाई म्हननार नाई."

नीलेशला त्यांचे ओठ हललेले दिसले. कानांत मात्र अजून गोठाच घोंगावत होता. तो योगेंद्रकडे वळला आणि गरजेपेक्षा फारच मोठ्याने विचारलं, "मामाजी काय म्हनून राह्यले?"

योगेंद्रने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. मग त्याने नीलेशच्या कानाशी तोंड नेलं आणि आपल्याला जमेल तेवढ्या सहजपणे सांगितलं, "आनखी भाजी पाह्यजे काय, इचारते."

नीलेशने सासऱ्यांकडे बघून हात जोडले. "मले कायीच नको, मामाजी," तो घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "तुमच्या घरी येऊन मन भरलं. द्याचंच असंन त योगेंद्रभाऊले द्या. ते दिवसभर राबले."

आनंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. ज्योत्स्नाने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याने नजर ताटात घातली. अण्णाजींनी बोटातली सोन्याची अंगठी ओढून काढली, ती निघायला थोडा वेळ लागला, आणि उठून स्वतःच्या हाताने नीलेशच्या बोटात घातली. "अशा मानसाले इचारावं नाई लागत," ते योगेंद्रला म्हणाले.

भाजी नको म्हटल्याबद्दल अंगठी का मिळते, हे नीलेशला काही केल्या कळेना. पण आज कोणाचं मन मोडायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. योगेंद्रचा चेहरा पडलेला बघून तर त्याला खरंच वाईट वाटलं. त्याने भाजीचं पातेलं ओढून साडूच्या ताटाजवळ सरकवलं.

"घ्या जी, लाजू नका," तो ओरडून म्हणाला. "माह्याच्यानं आता जात नाई."