फागूजी आणि गावाची टाकी

पाण्याच्या टाकीवर चढण्याआधी फागूजी पाय धुवायचे, आणि ते बघायला त्यांना माणूस लागायचा. लाल साबण, खरबरीत दगड, टाचेच्या भेगांत फिरवायला एक काडी, असा अर्धा तास कार्यक्रम चाले. मग ऑफिसच्या दारात बसून दोन्ही पाय माझ्या टेबलाच्या दिशेने पुढे करत आणि म्हणत, "पाहून घ्या बाई. उद्या कोनी इचारलं तं सांगता आलं पायजे."

मी गोंदिया जिल्ह्यात कामठ्याकडच्या एका ग्रामपंचायतीत संगणक चालवते. टाकी आमच्या ऑफिसच्या मागेच आहे. फागूजी पाणीपुरवठ्याचे शिपाई. व्हॉल्व्ह सोडायचा, फुटलेली लाइन खणून जोडायची, ब्लिचिंग पावडर टाकायची आणि महिन्यातून एकदा टाकीत उतरून ती आतून घासायची, ही सगळी कामं त्या एकट्या माणसाची. वय साठीच्या आसपास. मी त्यांना फागूजी म्हणायची, गाव फाग्या म्हणायचं.

एकदा ते म्हणाले, हजेरी लिहिता तर हेही लिहा. मी गंमत म्हणून एका जुन्या वहीत लिहिलं, 'आज पाय धुतले. स्वच्छ आढळले.' त्यांनी गंभीरपणे खाली सही केली. मग दर महिन्याला ती नोंद करावीच लागली. ग्रामसेवकांच्या हाती ती वही लागली तेव्हा हसता हसता त्यांचा चहा सांडला. मीही हसले. स्वतःच्या पायांचा पुरावा करून ठेवायची पाळी या माणसावर का आली, हे विचारावंसं तेव्हा मला वाटलं नाही.

नळाला मोटर लावून पाणी ओढणाऱ्यांशी त्यांचं हाडवैर. भांडत मात्र नसत. भर दुपारी त्या घरी जाऊन पाणी मागत. "तुमच्याकडं पानी गंज हाये म्हने," एवढंच बोलत. गंज म्हणजे भरपूर. घरातली बाई तांब्या आणून वरून धार धरायची आणि फागूजी ओंजळीने प्यायचे. पिऊन झालं की आणखी मागायचे, मग आणखी. चौथ्या तांब्याला तर ते पीत नसत, ओंजळीतून नुसतं वाहू देत आणि बाईच्या तोंडाकडे बघत राहत. दोन-तीन दिवसांत मोटर निघायची. या गोष्टीवर सगळं गाव पोट धरून हसायचं. पण त्यांच्या हातात तांब्या कोणी का देत नाही, हा विषय कधी निघाला नाही.

टाकी धुवायच्या आदल्या दिवशी आमच्या सासूबाई घरातले सगळे ड्रम भरून ठेवत आणि पुढचे दोन दिवस तेच पाणी वापरत. टाकीत कोण उतरतं ते त्यांना माहीत होतं. मी शिकलेली सून, पण ड्रम भरायला मीही हात लावायची.

मागच्या उन्हाळ्यात टाकी धुतल्यानंतर सरपंचांच्या गल्लीत दोन मुलांची पोटं बिघडली. आदल्याच दिवशी ती लग्नात जेवून आली होती, आणि बाकी गाव ठणठणीत होतं. तरी ग्रामसभेत विषय आला. जातीचं नाव कोणी घेतलं नाही. सगळे फार सभ्यपणे बोलले आणि टाकी यापुढे आधुनिक पद्धतीने बाहेरच्या ठेकेदाराकडून धुवून घ्यावी, असं ठरलं. तो ठराव मीच टाइप केला. फागूजींनी मला तो दोनदा वाचायला लावला.

"आधुनिक म्हंजे काय जी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मशीन असते.

"मशीन आतमंदी एकटीच उतरते का?"

मी ठरावाचा कागद फाइलला लावला. त्यांनी साबणाचा तुकडा खिडकीतून उचलला आणि व्हॉल्व्ह सोडायला गेले.

पुढच्या महिन्यात गोंदियाहून ठेकेदाराची गाडी आली. निळ्या गणवेशातली चार माणसं उतरली, डोक्याला टोप्या, पायात गमबूट. मशीन म्हणजे एक पंप आणि लांब पाइप. बाकी घासायचं काम आत उतरून ब्रशनेच होतं. कोणी त्यांची नावं विचारली नाहीत, पाय बघायचं तर सोडाच. दुपारी सरपंचांनी चौघांना आपल्या ओसरीवर पाटावर बसवलं आणि स्टीलच्या ताटांत पोहे दिले.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट. फागूजींची सही हवी होती म्हणून मी टाकीच्या मागे गेले होते. त्या चौघांपैकी एक जण वाकून त्यांच्या पाया पडत होता आणि फागूजी त्याला दंडाला धरून घाईघाईने उठवत होते. मला बघताच तो टोपी सारखी करत निघून गेला.

"माहा जवाई होय," फागूजी म्हणाले. "पोरगी गोंदियाजवळ मुर्रीले देली ना. बाई, कोनाले सांगू नोका. गावाले मालूम झालं तं ठेकेदार काढून टाकीन त्याले."

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं लग्न झालं होतं, आणि गावातल्या एकानेही त्या जावयाला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसं? लग्नाला त्यांच्या मोहल्ल्याबाहेरचं कोणी गेलंच नव्हतं. पत्रिका माझ्याही टेबलावर आली होती. त्या दिवशी मला काय काम होतं, ते आता आठवत नाही.

चारच्या सुमारास नळ सुटले. ऑफिससमोरच्या नळावर बायकांनी पाणी चाखून बघितलं. त्यांत सासूबाई होत्या. नारळाच्या पाण्यासारखं गोड लागते म्हणाल्या आणि तिथेच उभ्या उभ्या पेलाभर प्यायल्या. फागूजी चार हातांवर उभे होते. एका वाक्यात त्यांना सगळ्या गावाचं तोंड कडू करता आलं असतं. माझ्या तर जिभेवरच आलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून बारीकशी मान हलवली, नाही म्हणून.

ठेकेदाराची माणसं सामान भरू लागली तेव्हा ते घरी जाऊन एक पिशवी घेऊन आले. आत लाखोळीची डाळ होती आणि नातीसाठी एक पिवळं झबलं. त्यांनी ती माझ्या हातात दिली. "तुम्हीच देजा. टाकीजवळ तुमचं राह्यलं होतं, म्हनून सांगजा."

मी नेऊन दिली. जावयाने नजर वर न करता पिशवी घेतली, सोबतच्यांना ऐकू जाईल असं "थँक यू मॅडम" म्हटलं आणि ती सीटखाली सरकवली. गाडी निघून गेली.

मी परत आले तेव्हा फागूजी व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी उकिडवे बसले होते, रस्त्याकडे पाठ करून.

"त्यानं मांगं वळून पाह्यलं का जी?"

गाडी मागच्या बाजूने पत्र्याने बंद होती. मी म्हटलं, पाहिलं.