दिगंबर काकांची झुलती शेगडी

ॲरिझोनातल्या चँडलरला राहायला गेल्यावर पहिल्याच शनिवारी सकाळी मला शेजारच्या गॅरेजमध्ये एक गृहस्थ झोपाळ्याला झोके देताना दिसले. झोपाळ्यावर पेटलेली गॅसची शेगडी होती आणि शेगडीवर पाच लिटरचा कुकर. मी पुण्याची. लोकांच्या घरात डोकावायचं नाही, पण बघायचं मात्र सगळं, ही आमची शिस्त. त्यामुळे मी रस्त्यावरच उभी राहिले. कुकरची शिट्टी झाली. गृहस्थांनी घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहिलं, माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "मराठी ना तुम्ही? जरा झोका देता का? लिहिताना झोका थांबून राह्यला माझा."

हे दिगंबर काका. मूळ नागपूरचे. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या बाविसाव्या वर्षी, आणि नंतर नोकरी धरली ती ॲरिझोनाच्या वाळवंटात. अशा माणसाला शिडाची बोट घ्यावीशी वाटणं हे ओघानंच आलं. चिप बनवणाऱ्या ज्या कंपनीत ते वीस वर्षं होते तिनं मंदीत त्यांना घरी बसवलं, आणि महिन्याभरात त्यांच्या घराच्या बाजूला, दोन निवडुंगांच्या मध्ये, सव्वीस फुटांची जुनी बोट ट्रेलरवर येऊन उभी राहिली. घर विकून समुद्रकाठच्या सॅन डिएगोला जायचं आणि उरलेलं आयुष्य बोटीवर काढायचं, असं त्यांनी जाहीर केलं. वसाहतीच्या कमिटीचं पत्र आलं की अंगणात बोट ठेवायला परवानगी नाही. काकांनी उत्तर पाठवलं की ही बोट नाही, हे माझं घर आहे. कमिटीनं कळवलं की एका प्लॉटवर दोन घरं चालत नाहीत. हा पत्रव्यवहार मी तिथे राहत होते तोवर चालूच होता.

बोटीची शिडं, नांगर, एवढंच काय संडाससुद्धा काकांनी दोन महिन्यांत ठरवला. अडलं ते शेगडीपाशी, आणि तिथे तीन वर्षं अडूनच राहिलं.

ही अट शैला काकूंची. काकू शाळेच्या ऑफिसात काम करायच्या आणि बोटीबद्दल काही बोलायच्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या होत्या, "या देशात आल्यापासून त्या तांबड्या जिलबीवर स्वयंपाक करते आहे. बोटीवर मला खरी आग पाहिजे. फुलका आचेवर फुगलेला बघायचा आहे मला." अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक शेगडीला तांबडी जिलबी हे नाव त्यांनीच दिलं होतं, आणि ज्यांनी ती शेगडी पाहिली आहे त्यांना ते लगेच पटेल.

एवढी साधी मागणी. दुसरा नवरा असता तर दुकानात गेला असता आणि शेगडी घेऊन आला असता. पण काकांनी वीस वर्षं कंपनीत चिपा मोडून दाखवायचंच काम केलेलं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "चालते कशी ते नका सांगू, बंद कशी पडते ते सांगा." हे ते गाड्यांबद्दल विचारत, फ्रीजबद्दल विचारत, आणि माझ्या मावसभावाला अमेरिकेतलं स्थळ आलं तेव्हा मुलीबद्दलही त्यांनी हेच विचारलं.

बोटीवरची शेगडी दोन कड्यांवर झुलती टांगलेली असते, म्हणजे बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं. ती खरंच सरळ राहते का, हे वाळवंटात कळणार कसं? म्हणून काकांनी काकूंचा नागपूरहून आणलेला पितळी कड्यांचा झोपाळा दिवाणखान्यातून काढून गॅरेजात टांगला. अमेरिकेतल्या दुकानदारांचा माल परत घेण्याचा मोठेपणा हा काकांच्या संशोधनाचा पाया होता. पहिली शेगडी परत गेली, कारण तिसऱ्या शिट्टीला कुकर सरकला. दुसरी गेली, कारण आच विझल्यावर गॅस आपोआप बंद व्हायला काकांच्या मते फार वेळ लागला. तिसरीची नळी त्यांना आवडली नाही. स्पिरिटवर चालणारी शेगडी सगळ्यात सुरक्षित, असं कोणीतरी सुचवलं, तर तिच्यावर वरण शिजेपर्यंत बोट हवाईला पोचेल असं त्यांनी वहीत मांडून दाखवलं.

सॅन डिएगोच्या एका दुकानात मी आणि माझा नवरा त्यांच्याबरोबर गेलो होतो. काका कुकर काखेत मारून आत शिरले. विक्रेता मुलगा हसतमुख होता. काकांनी इंग्रजीत विचारलं, "हाऊ डज इट फेल?" तो म्हणाला, "इट डझन्ट, सर." काका तडक बाहेर आले. "जो माणूस म्हणतो माझी वस्तू फेल होत नाही, त्याच्याकडून काडेपेटीसुद्धा घेऊ नये." येताना सहा तास ते गॅसवर बोलत होते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, बोटीच्या तळाशी जाऊन साचतो, कोणाला कळत नाही, आणि मग एक ठिणगी पुरते. माझा नवरा ड्राइव्ह करता करता जांभया देत होता.

मी मात्र हे सगळं साठवत होते. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी काकांची नक्कल करायचे, काखेत उशी धरून, आणि लोक हसून हसून बेजार व्हायचे. काका तिथेच ताट घेऊन बसलेले असायचे आणि काकूंच्या पाटवडीच्या रश्श्याला जमलेली गर्दी बघत असायचे. माझ्याकडे ते लक्षसुद्धा द्यायचे नाहीत.

चौथ्या वर्षी मार्चमध्ये बंदरातून फोन आला. बोट लावायला जागा मिळाली होती. मेअखेर या, नाहीतर जागा पुढच्याला जाईल. घराला गिऱ्हाईक होतं, काकूंचा राजीनामा टाइप होऊन तयार होता. फक्त शेगडी नव्हती. "शेगडीपायी हा माणूस बंदर घालवणार," असं मी सगळीकडे सांगून टाकलं.

एप्रिलमध्ये आठवी शेगडी आली. मी नेहमीप्रमाणे झोका द्यायला गेले. काकू शेजारी लायटर घेऊन उभ्या होत्या. तेवढ्यात कमिटीच्या बाई बोटीचा फोटो काढायला आल्या, म्हणून काका बाहेर गेले. वारा आला आणि आच विझली. आता गॅस आपोआप बंद होतो का, तेच बघायचं होतं. तो झाला नाही. क्षणभरानं मला भपकन वास आला.

"काकू, गॅसचा वास येतोय."

काकूंनी नाक वर करून हुंगलं. "हो गं, येतोय खरा," त्या म्हणाल्या आणि लायटर शेगडीकडे न्यायला लागल्या.

मी ओरडले. काका धावत आले. आधी सिलिंडर बंद केला, मग काकूंच्या हातातून लायटर हळूच काढून घेतला. आणि डाफरले ते माझ्यावर. "एवढ्या जोरात झोका देतात का? अक्कल आहे का तुला?" काकू आत गेल्या.

मी रागानं निघाले, तर काका मागोमाग रस्त्यापर्यंत आले.

"तुझी चूक नव्हती," ते म्हणाले. "तिला वास येत नाही. चार वर्षं झाली. फ्लू झाला होता, तेव्हापासून गेला तो गेलाच. कोणाला बोलू नको. मंडळात कळलं तर कोण खाईल तिच्या हातचा रस्सा? मसाला भाजते तेव्हा मी बाजूला उभा असतो, झाला की सांगतो."

(हे मी आज लिहिते आहे ते काकूंना विचारून. त्या म्हणाल्या, आता लिही, पण माझा रस्सा चांगला असतो हेही लिही. तो खरोखरच चांगला असतो.)

तीन वर्षं मी या माणसाची टर उडवत होते, आणि बायकोचं गुपित झाकायला त्यानं ती उडवू दिली होती. मला स्वतःची लाज वाटली. ती लपवायला मी शहाणपणा शिकवायला गेले.

"मग काका, बोटीवरही इलेक्ट्रिकच घ्या ना. सेफ असतं."

"तिनं आग मागितली आहे," काका म्हणाले. "अमेरिका मला पाहिजे होती. बोट मला पाहिजे होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तिनं मागितलेलं एवढंच."

"गॅस शोधणारा अलार्म मिळतो की."

"असल्या अलार्ममधल्या चिपाच मी वीस वर्षं मोडल्या आहेत."

"मग आता ही पण परत पाठवणार?"

"नाही. ही बंद कशी पडते ते आता कळलं. हिचा कुकर हलत नाही, फुलका चांगला फुगतो. हीच ठेवतो. सिलिंडरची चावी माझ्या हाताशी ठेवीन. ती स्वयंपाक करेल तोवर मी तिथे बसेन. शेगडी बंद झाली की वास घेईन आणि मग उठेन."

"रोज? दोन्ही वेळा?"

"चहा धरून चार वेळा."

"अहो काका, जन्मभर असं एका जागी बसून राहाल?"

"सव्वीस फुटांची बोट आहे, मुग्धा," काका म्हणाले. "दुसरीकडे जाणार कुठे मी?"