पॉलिशला गेलेला पलंग

सत्यशीला भाचीचं लग्न आटपून चिमूरहून परत आली, तेव्हा अंगणात एक ट्रॉली उभी होती आणि मागच्या खोलीत पलंग नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं पहिल्या क्षणी तिच्या मनात आलं नाही. दुसऱ्या क्षणी आलं.

"पलंग कुठी गेला?" हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं.

"पॉलिशले देला," हरिदास गुरुजी म्हणाले आणि लगबगीनं ट्रॉलीकडे वळले. "ते राहू दे. हे पाह्य आधी. तुह्यासाठी बनवून घेतलं."

हरिदास गुरुजी सिंदेवाहीच्या शाळेत भूगोल शिकवत. नवाब मिस्त्री हा त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. बसस्टँडच्या मागे त्याचं गॅरेज होतं आणि सुतारकामातही त्याचा हात चाले. त्याच्याकडे एक म्हातारी जीप होती, आणि जीपच्या मागे अडकवून सामान न्यायची एक छोटी ट्रॉली, कुण्या ठेकेदारानं टाकून दिलेली. दरवर्षी थंडीत दोन्ही घरं असोलामेंढ्याच्या तलावावर मुक्कामाला जात. पुरुषमंडळी पाण्यात पाय सोडून बसत, आणि सत्यशीला व नवाबची बायको शकिला तीन दगड मांडून, डोळ्यांतून पाणी गाळत सगळ्यांचं रांधत. मागच्या वर्षी सत्यशीलाचा संयम सुटला होता. "सहल तुमची आन् धूर माहा," ती म्हणाली होती. "पुढच्या साली मी येणार नाई."

गुरुजींनी त्यातला धूर तेवढा ऐकला.

मग शाळेच्या वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात त्यांना फोटो सापडला. तशीच छोटी ट्रॉली, मागची फळी उघडलेली, आत अख्खं स्वयंपाकघर, आणि त्यापुढे जंगलात उभी राहून एक गोरी बाई अंडी तळते आहे. तो फोटो पाहिल्यापासून गुरुजींना घास गोड लागेना. सत्यशीला चिमूरला गेली आणि त्यांनी डाव साधला.

आता ते ट्रॉलीची मागची फळी साखळ्यांवर आडवी सोडून दाखवत होते. "हा झाला ओटा. उभ्यानं सैपाक कर, वाकाचं काम नाई. इथी स्टोव्ह, खाली पत्रा ठोकला. ही पोळपाटाची खाच. हे गिलासाचे भोकं. आन् हे दोन खण, मिठामसाल्याचे."

"म्हंजे तिथी बी सैपाक मीच करू?"

"अवो, पण धूर नाई ना आता." गुरुजींनी मासिक पुढे धरलं. "हे बाई पाह्य. कशी हसून राह्यली."

"तिचा फोटो काढून राह्यले म्हणून हसून राह्यली," सत्यशीला म्हणाली आणि तिनं मसाल्याचा खण ओढला.

खणाच्या तळाला आतल्या बाजूनं अर्धं कमळ कोरलेलं होतं. कमळाखाली अक्षरं होती, 'सत्यशी'. तिनं दुसरा खण ओढला. तिथं उरलेलं अर्धं कमळ आणि 'ला'.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिच्या मायनं लग्नात दिलेला सागवानी पलंग तो. सुताराच्या पाठीमागे बसून मायनं उशाशी कमळ आणि लेकीचं नाव कोरून घेतलं होतं. भाड्याच्या दोन खोल्यांत तो धड मावत नसे, त्यावर गोधड्यांचा ढीग पडून असे, हे सगळं खरं. पण तो तिचा होता. त्या घरात तिच्या नावाची तेवढी एकच वस्तू होती आणि या माणसानं करवत लावून तिची मिठाची आणि तिखटाची जागा केली होती.

तिनं दोन्ही खण हळूच बंद केले. ओरडली असती तर गुरुजींनी हात जोडले असते, चार दिवस गोड बोलले असते आणि विषय संपला असता. तेवढ्यावर तिला सोडायचं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं, पलंग मी मोडला म्हणून. तोवर ती वाट पाहणार होती.

ती रोज विचारायची, "पलंग आला नाई अजून?"

"पॉलिशवाल्याले ताप आला," गुरुजी सांगत. कधी म्हणत, "दुसरा हात देऊन राह्यला." एकदा म्हणाले, "चांगल्या कामाले टाइम लागते." प्रत्येक उत्तरागणिक सत्यशीलाच्या भाकरी जास्त करपत गेल्या, आणि गुरुजी त्या मुकाट्यानं खात गेले.

सहलीच्या दिवशी सकाळी ती तयार होऊन जीपमध्ये बसलेली पाहून शकिलाला नवल वाटलं.

"भाभी, तुमी तं म्हणल्या होत्या येणार नाई."

"पाहाचं हाय मले," सत्यशीला म्हणाली, "हे कुठवर जाते."

ते फार लांब गेलं नाही. जीप खड्ड्यांतून उड्या मारत निघाली. मागे ट्रॉलीत डबे, कढया आणि पेले आपापसात भांडत होते. गिलासाच्या भोकांतले गिलास केव्हाच बाहेर आले होते. पण गुरुजी मान वळवून वळवून ट्रॉलीकडे कौतुकानं पाहत होते. तलावाच्या अलीकडे जंगल खात्याचा नाका लागला. रस्त्यावर आडवा बांबू होता आणि बांबूजवळ डोमा नाकेदार.

"ट्रॉलीत काय हाय?" त्यानं विचारलं.

"सैपाकघर," गुरुजी ऐटीत म्हणाले.

इतक्या वर्षांत ट्रॉलीतून सरपण, धान, बकऱ्या आणि एकदा एक नवरदेवही गेलेला डोमानं पाहिला होता. स्वयंपाकघर नव्हतं पाहिलं. त्यानं मागची फळी उघडली. वाटेत तिखटाचा डबा सांडून ते फळीमागेच जमा झालं होतं. ते सगळं त्याच्या तोंडावर आलं. डोमा शिंकला, पुन्हा शिंकला, डोळे चोळले आणि त्यामुळे आणखी भडकला. लाल डोळ्यांनी त्यानं आतल्या फळीवर नख ओढलं.

"सागवान होय हे."

"हो," नवाब छाती फुगवून म्हणाला. "अस्सल."

"हातोडा कुठी हाय? पास दाखवा."

गुरुजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. या मुलखात सागवानाच्या नगावर खात्याच्या हातोड्याची खूण लागते आणि ते हलवायला पास लागतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. गुरुजी तर ते वर्गात शिकवत. पण गोऱ्या बाईच्या नादात त्यांना लाकूड दिसेनासं झालं होतं. त्यांना फक्त ओटा दिसत होता.

"हे घरचंच हाय," ते म्हणाले.

"घरी सागवान पिकते का तुमच्या?"

"तसं नाई. जुनं लाकूड होय."

"जुनं? रंधा तं आताच मारला दिसते."

"मी मारला," नवाबला राहवलं नाही. "आरशासारखा केला, बघा ना साहेब. कोणी म्हणन का जुनं हाय म्हणून?"

गुरुजींनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो जीपच्या आडोशाला गेला.

"आजकाल लोकं असंच करतात," डोमा नाक पुसत म्हणाला. "चोरीच्या पाट्या आणाच्या, चार खिळे ठोकाचे आन् म्हणाचं आलमारी होय. तुमी नवीन काढलं, सैपाकघर. जुनं म्हणता ना? मंग आधी काय होतं ते सांगा."

एक शब्द पुरला असता. पलंग. तो शब्द गुरुजींच्या ओठांवर आला, त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि तो गिळला. सत्यशीला हाताची घडी घालून उभी होती. म्हणा ना, ती मनात म्हणत होती. एवढा मोठा माणूस, पोरांना छड्या मारून खरं बोलायला लावणारा. म्हणा. तिला त्यांचा इतका राग आला होता की कानशिलं गरम झाली होती.

"आधी... लाकूडच होतं," गुरुजी म्हणाले.

डोमानं मग तिच्याकडे मोर्चा वळवला. "बाई, तुमाले माहीत असन. लाकूड कुठचं हे?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. गुरुजी तर देवळातल्या माणसासारखे पाहत होते.

"मले काऊन विचारता?" सत्यशीला म्हणाली. "सैपाकघर त्यायचं, जंगल तुमचं. मी तं फिराले आली."

डोमाचा निर्णय झाला. ट्रॉली नाक्यावर राहील. सायंकाळी रेंजरसाहेब येतील, ते पाहतील. ज्याचा माल त्यानं मालापाशी थांबायचं. जीपला जायची मोकळीक आहे. त्याचं वाक्य संपायच्या आत सत्यशीला जीपमध्ये चढलेली होती.

"चाला नवाबभाऊ."

"अवो, आन् माह्या जेवणाचं?" गुरुजींनी मागून विचारलं.

"तुमच्यापाशी सैपाकघर हाय ना."

तलावावर ढिवरांच्या डोंग्यांतून ताजी मासोळी मिळाली. नवाबनं कुणी न सांगता तीन दगड मांडले, कुणी न सांगता काड्या गोळा केल्या आणि फुंकता फुंकता खोकू लागला. ज्याच्या हातानं करवत चालली त्याला आज जास्त बोलून चालणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. दोघी बायका पाण्यात पाय सोडून बसल्या.

"पलंगच होय ना भाभी?" शकिलानं हळूच विचारलं. "ह्यांनी कापला त्या दिवशीच मले सांगतलं. मी म्हणली, आता मरता तुमी दोघं बी."

सत्यशीलानं मान हलवली. इतके दिवस रागानं अडवून धरलेलं रडू तिथं एकदम आलं. तिनं ते येऊ दिलं, पदरानं तोंड पुसलं आणि नवाबनं पुढे ठेवलेली मासोळी खाल्ली. मासोळी एका बाजूनं जळालेली आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची होती. तिनं काटे काढून दोनदा मागून घेतली. मग झाडाखाली आडवी झाली आणि ऊन उतरेपर्यंत झोपली. राग गेला नव्हता, पण त्याला उशाशी घेऊन झोपता येतं हे तिला नव्यानंच समजलं.

मुक्कामाचं अंथरूणपांघरूण ट्रॉलीतच अडकलेलं, म्हणून सायंकाळी जीप परत फिरली. नाक्यावर धूर दिसला. ट्रॉलीची फळी साखळ्यांवर ऐटीत लोंबत होती आणि तिच्या शेजारी जमिनीवर, तीन दगडांच्या चुलीपुढे गुरुजी उकिडवे बसून फुंकणी फुंकत होते. स्टोव्हमधलं रॉकेल वाटेतच सांडून संपलं होतं. डोमा म्हणाला होता, सैपाकघर होय म्हणता तं करून दाखवा. मग करता करता नाक्यावरच्या चौकीदारांचं, आणि बांबूपाशी अडकलेल्या ट्रकवाल्यांचंही रांधणं गुरुजींच्या गळ्यात पडलं होतं. त्यांच्या कपाळावर काजळी होती आणि डोळे धुरानं लालभडक झाले होते.

डोमा दोन्ही खण घेऊन पुढे आला. त्यानं ते एकमेकांना लावले. कमळ पुरं झालं, नाव पुरं झालं.

"तुमी गेल्या न गेल्या तं गुरुजी बोलले, बायकोचा पलंग होय म्हणून," तो म्हणाला. "रेंजरसाहेबांले बी दाखवलं. साहेब म्हणाले, नाव बाईचं हाय, बाईनं सांगावं. तिनं माहा म्हणलं तं सोडून देजो, नाई तं उद्या ट्रॉली डेपोत." त्यानं घसा साफ केला. "तुमचं नाव?"

"सत्यशीला."

"हा पलंग तुमचा होय?"

सत्यशीलानं खणांकडे पाहिलं. मग गुरुजींकडे.

"माहा पलंग पॉलिशले गेला हाय," ती म्हणाली. "गुरुजींनीच सांगतलं."

ट्रकवाल्यांनी खाणं थांबवलं. फुंकणी हातात धरून गुरुजी उठले. एवढ्या लोकांसमोर उभं राहायची त्यांना सवय होती, पण एरवी ते प्रश्न विचारणारे असत.

"नाई गेला," ते म्हणाले. "कोणाले ताप आला नाई, कोणी दुसरा हात देला नाई. मीच मोडला. तुले न विचारता. तू घरी नोहती म्हणून मोडला."

सत्यशीलानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. घाई केली नाही.

"माहा होय," तिनं डोमाला सांगितलं. मग जीपच्या आड लपलेल्या माणसाला हाक मारली, "नवाबभाऊ, जसा होता तसा करून पायजे. नाव जोडून."

"सरेस लावून जोडतो भाभी," जीपमागून आवाज आला. "पर जोड दिसन."

"दिसू द्या. रोज दिसला पायजे."

डोमानं बांबू वर केला. पण त्याच्या मनातली शंका गेली नव्हती. "बाई, तुमाले हे सकाळी माहीत होतं?"

"चिमूरहून आली त्याच दिवशी."

"मंग सकाळीच काऊन नाई सांगतलं? सुटला असता ना हा माणूस."

सत्यशीला चुलीपाशी गेली. पातेल्यावरचं झाकण उचलून तिनं आतली खिचडी पाहिली आणि मग नवऱ्याचे डोळे पाहिले.

"सकाळी सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं हे डोळे माहे राह्यले असते."

आणि पदर खोचून ती ट्रकवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसली. "वाढा," ती गुरुजींना म्हणाली. "भूक लागली."