वासूकाकांची पुरचुंडी

आमच्या आळीत "आई गं" म्हणायची चोरी होती. पायाला ठेच लागो की दूध उतू जावो, तोंडातून शब्द निसटला की वासूकाका दारात उभे. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत शेकाच्या पुरचुंड्या. "हां, दुखणं हजर करा!"

वासूकाका कोर्टात बेलिफ होते. जन्मभर लोकांना समन्स बजावलं. ते दिसले की माणसं पुढचं दार लावून मागच्या दाराने पोफळीत पसार व्हायची. रिटायर झाल्यावर त्यांनी शेक बजावायला घेतला. लग्न केलं नव्हतं, दोन खोल्यांत एकटे राहायचे. मी लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "टाका कसा घालावा ते वासूभावजींकडे जाऊन बघ." मला भयंकर राग आला होता. टाका बघितल्यावर गेला.

"नवं कापड भाजतं, जुनं कापड शेकतं," हे त्यांचं मुख्य कलम. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती धोतर नाहीतर लुगडंच हवं. ते दुहेरी शिवायचं. कंबरेला जाडं मीठ, छातीला ओवा, गुडघ्याला कुळीथ. पुरचुंडी कोरड्या तव्यावर तापवायची आणि आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची. त्यामुळे काकांचा डावा गाल उजव्यापेक्षा कायम जरा लाल असायचा.

जुन्या कापडापायी बोहारणीशी त्यांचं हाडवैर. ती स्टीलचा डबा पुढे करतेय तोच काका दगडी गडग्यावरून ओरडायचे, "थांबा! त्या धोतरावर स्टे आहे!" हातातोंडाशी आलेला एक चांगला झाकणाचा डबा माझ्या डोळ्यांदेखत असा परत गेला. बोहारीण म्हणायची, "म्हाताऱ्याला एवढी कापडं लागतात तरी कशाला? खातो की काय?"

प्रयोगही करायचे. एकदा कुणीतरी सांगितलं की वाळू जास्त वेळ गरम राहते. काकांनी मांडवीच्या किनाऱ्यावरून पिशवीभर वाळू आणली आणि न धुताच भरली. सासूबाईंची कंबर बरी झाली खरी, पण दोन दिवस सुक्या मासळीचा वास काही जाईना आणि आळीतली मांजरं त्यांच्यामागे घरभर फिरत होती. "गुण आला की नाही?" काकांनी मलाच दटावलं. "मांजरांचं वेगळं प्रकरण आहे."

शेक देऊन झाला की एक पुरचुंडी घरात ठेवून जायचे, सकाळी ज्याची त्याने शेकायला. मात्र अधूनमधून तपासणी व्हायची. कापड तव्याने तांबूस झालेलं दिसलं नाही की जप्ती! विमा कचेरीतल्या एका साहेबांना भावाने दुबईहून विजेवर तापणारी पट्टी पाठवली होती. त्यांची पुरचुंडी कोरी करकरीत सापडली. काका ती पिशवीत टाकून निघाले आणि पुन्हा म्हणून त्या घराची पायरी चढले नाहीत. साहेबांच्या बायकोने लाडू पाठवले, तेही परत आले. मानी माणूस!

पुढे आळीत टीव्ही आला. संध्याकाळी लोकांची दुखणी आपोआप कमी झाली. काका शेक द्यायला येत तेव्हा माणसं त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत. हळूहळू एकच घर उरलं, आळीच्या टोकाच्या माईंचं. माई सत्तरीच्या, मुलगा बोटीवर, घरात दुसरं कुणी नाही. सकाळी स्वतः शेकूनही त्यांचा गुडघा संध्याकाळी दुखायचाच. मग काका जायचे, चूल फुंकायचे, शेक द्यायचे आणि पुरचुंडी गार होईपर्यंत बसायचे. शेकापेक्षा गप्पाच लांबायच्या.

श्रावणात मी माईंना पातोळ्या द्यायला गेले, तर काका तिथेच. पाऊस धो धो. काका म्हणाले, "माई, तुमची पुरचुंडी द्या बघू. कुळीथ बदलतो, ओल धरली असेल."

"राहू दे हो, बरी आहे ती," माई घाईघाईने म्हणाल्या. पण काका स्वयंपाकघरात पोचलेसुद्धा. पुरचुंडी खुंटीवर टांगलेली, आणि नेमकं तिच्यावरच कौलातून टिपटिप गळत होतं. काकांनी ती काढली. शिवणीतून सगळीकडे पांढरे मोड डोकावत होते.

भाजलेल्या कुळथाला मोड येत नाहीत, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती पुरचुंडी एकदाही तव्यावर चढली नव्हती. माईंनी पदराचं टोक हातात चुरगाळलं. मला विमा कचेरीतल्या साहेबांचे परत आलेले लाडू आठवले. आता काका उठून गेले तर या बाईकडे संध्याकाळी येणार कोण?

काकांनी पुरचुंडी उलटसुलट करून पाहिली. माईंकडे बघितलं नाही. मग चष्मा कपाळावर चढवून मलाच म्हणाले, "बघ गो. आपला कुळीथ किती चिवट! रोज भाजला तरी मोड काढतो. येतात की नाही कधीकधी?"

"येतात की!" मी म्हटलं. "आमच्या माहेरी तर हमखास."

माईंनी हळूच पदर सोडला. "मी म्हटलंच होतं," त्या म्हणाल्या, "या कुळथात काहीतरी खोट आहे."

"असणारच. हां, गुडघा हजर करा." काकांनी आपल्या पिशवीतली पुरचुंडी काढून चुलीकडे मोर्चा वळवला. मोडाच्या कुळथाची माईंनी उसळ केली आणि आम्ही तिघांनी ती पातोळ्यांच्या आधीच फस्त केली. मी इतकी हसले की मला घरी जायला उशीर झाला.

परतताना काकांच्या छत्रीत मी अर्धी भिजत चालले होते. मला राहवेना. "काका, माईंना नवी पुरचुंडी मी शिवून देऊ? कापड आहे माझ्याकडे, मऊ."

"नको," काका एकदम थांबून म्हणाले. "मुळीच नको. चुकून खरंच शेकून बसल्या आणि बऱ्या झाल्या, तर मी संध्याकाळी जाऊ कुठे?"