हिरव्या ताऱ्याचा पीर

आमच्या शेजारचे बापू निकम अंगात सदरा नसला तरी हिरवा तारा लावायचे. कुठे म्हणाल, तर खांद्यावरच्या पंच्याला, सेफ्टी पिनेनं! पाच टोकांचा, पत्र्याचा. एसटीचे कंडक्टर त्यांना तपासनीस समजून आधी घाबरायचे.

बापू फौजेतले. इटलीच्या लढाईत जखमी होऊन दवाखान्यात पडले, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या परमुलखातल्या माणसाकडून एस्पेरांतो नावाची भाषा शिकले; हिरवा तारा ही तिचीच खूण. "अख्ख्या जगाची भाषा हाय ही, वैनी!" हे पालुपद. आता अख्ख्या विश्रामबागेत ती येणारे ते एकटेच, ही गोष्ट वेगळी. बायको गेल्यापासून घरातही एकटेच.

तारा बघून एखादा भाषावाला थांबेल, दोन शब्द बोलेल, हा त्यांचा भरवसा. कुणी थांबेना. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या साली ते म्हणाले, "तारा लय बारका पडतोय." झालं! माझ्याच मशीनवर निशाण शिवून घेतलं. हिरवं कापड, कोपऱ्यात पांढरा चौकोन, त्यात हिरवा तारा. कळकाच्या काठीला बांधून गच्चीवर चढवलं.

गुरुवारी मागच्या गल्लीतल्या हौसाआजी मलिदा आणि ऊद घेऊन हजर. "बापू, तुज्या गच्चीवर पीर कवा बसला रं?"

"आवं आजी, पीर न्हाई त्यो! हिरवा म्हंजे आशा. पाच टोकं म्हंजे पाच खंड."

"तेच म्हंते मी. पिराच्या पंज्याला बी पाचच बोटं असत्यात."

आजीची आटलेली म्हैस त्याच आठवड्यात दूध द्यायला लागली. मग काय विचारता! जिन्यावर नारळांचा खच. मी म्हटलं, "भावजी, उतरवा ते. उद्या उरूस भरेल."

"आन उतरवला त्याच दिशी कुणी आला तर? आपलं माणूस हितं ऱ्हातंय, हे त्याला कळावं कसं?"



पुढच्या गुरुवारी पापड वाळत घालायला मी गच्चीवर गेले. पलीकडे निशाणाखाली आजी ऊद घालत होत्या आणि बापू त्यांच्याशी बोलत होते. त्या भाषेत! भडाभडा, हातवारे करून, मधूनच हसून. आजी पदर डोक्यावर घेऊन म्हणत होत्या, "व्हय बाबा, व्हय."

त्यांना वाटलं, बापूंच्या अंगात आलंय.

जाताना आजी माझ्या दाराशी टेकल्या. म्हणाल्या, "पिराची बोली काय कळली न्हाई गं. पर लय दिसांनी बोलाय मिळालं वाटतं त्याला. येत जाईन मी दर गुरवारी."